ऋतुजाचा डावा कान

ऋतुजाचा डावा कान ती दोन वर्षांची असल्यापासून वाहत होता. पावसाळा लागला की सकाळी उशी चिकट व्हायची, वास मारायची. गीतांजली कापसाच्या वातीनं पोरीचा कान कोरडा करायची आणि सासू रुक्मिणबाई पळीत लसणाची पाकळी टाकून तेल कढवून आणायची. कोमट झालं की चार थेंब सोडायची. पोर दोन दिवस शांत निजायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेजारच्या बाया म्हणायच्या, मोठी झाली की आपसूक बसतंय. गीतांजली वाट बघत राहिली. पोर दहा वर्षांची झाली, पाचवीत गेली, पण कान काही बसला नाही.

पाचवीच्या वर्गात मास्तरांनी तिला मागच्या ओळीत बसवलं. उंच होती म्हणून. मागून तिला फळ्याकडं तोंड करून बोललेलं कळायचं नाही. हजेरीला ती गप्प राहिली की पोरं तिला ढोसायची आणि सगळा वर्ग हसायचा. "ये भैरे" हे तिचं नाव पडलं होतं, ते तिनं घरी कधी सांगितलं नाही. शाळेत तपासणीची गाडी आली, डॉक्टरनं कानात नळी घालून बघितलं आणि लातूरची चिठ्ठी लिहून दिली, तेव्हा कुठं घरात विषय निघाला.

"ऐकतीय की ती," बजरंग म्हणाला. तो जेवायला बसला होता. केसांत, भुवयांत भुसा. दोन एकर घरची जमीन, आणि हंगामात भागवतच्या मळणी यंत्रावर काम. "हाक मारली की ओ देती. कशाला डोस्क्याला चाकू लावून घ्यायचा?"

"चार हाका मारल्यावर ओ देती," गीतांजली म्हणाली.

रुक्मिणबाई चुलीपुढं भाकरी शेकत होती. ती म्हणाली, "लेकराचा कान फाडायचा म्हनं. आन् जे हाय ते बी गेलं मंजे?"

गीतांजलीनं दोघांचं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी चाकूरहून लातूरची बस धरली.

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीला मशीनपुढं बसवलं आणि पडद्यावर कानाचं आतलं दाखवलं. लालसर भिंत, मधोमध काळं भोक. "हे बघा, पडद्याला छिद्र आहे. निम्मा पडदाच नाही म्हणा. उजवा कान चांगला आहे, सगळा भार त्याच्यावर चाललाय." कानामागून चीर द्यायची, तिथलाच पातळ पापुद्रा काढायचा आणि भोकावर ठिगळ लावायचं, असं त्यांनी हातावर बोट फिरवून सांगितलं. मग म्हणाल्या, "आणखी एक ऐकून ठेवा. लहान मुलांत दहातल्या एकदोघांचा पडदा धरत नाही. सर्दी होते, कान पिकतो, कधी कशानं ते कळतही नाही. नाही धरला तर वर्षभरानं पुन्हा करता येतो."

गीतांजलीनं मान हलवली. दहातले ते एकदोघे दुसऱ्या कुणाचे तरी असतील, असं तिला वाटलं. अंगठा नाही, सही करता येत होती. तिनं सही केली.

गणपती बुडाले त्याच्या पुढच्या सोमवारी ऑपरेशन झालं. पोर बाहेर आली ती डोक्याला पांढरी पट्टी गुंडाळून, ओठ सुकलेले. कानामागचे केस भादरले होते. शुद्धीवर येताच ओकली. बजरंग पलंगाच्या पायथ्याशी उभा होता, त्याला ते बघवेना. तो बाहेर जाऊन जिन्यावर बसला.

आठव्या दिवशी टाके काढले. घरी जाताना नर्सबाईनं जे जे सांगितलं ते ऋतुजानं शाळेतल्या कवितेसारखं पाठ करून टाकलं. कानात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही. डोक्यावरून आंघोळ नाही. नाक जोरात शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं. धुरळ्यात जायचं नाही. पळायचं नाही. उजव्या कुशीवर निजायचं. डॉक्टर तपासून हो म्हणतील तोवर हे सगळं, कमीत कमी सहा आठवडे.

उजव्या कुशीवर निजली की चांगला कान उशीत दबायचा आणि दुसऱ्या कानात औषधाचा बोळा. पोर मग कुणाचीच राहायची नाही. हाक गेली तरी कळायची नाही. गीतांजली तिला पायाच्या अंगठ्याला हात लावून उठवायची.

त्या वर्षी सोयाबीनच्या काढणीला बायका मिळत नव्हत्या. गल्लीतल्या टोळीनं गीतांजलीला तीनदा बोलावणं धाडलं. ती गेली नाही. पोरीला घरात बसवून दारात बसायची. बाहेर कुणी झाडायला लागलं की दार लावून घ्यायची. रुक्मिणबाई एकटी घरच्या रानात खुरपत होती. ती उन्हातून आली की तांब्या जरा आपटून ठेवायची. टोळीतल्या बाया विहिरीवर म्हणायच्या, गीताच्या पोरीचा कान सोन्याचा झाला म्हणं. गीतांजली ऐकून घ्यायची. तिला एवढंच दिसायचं की पोर आता मागच्या ओळीत बसून फळ्यावरचं ऐकेल.

केसांचे मात्र हाल झाले. पंधरा दिवसांत डोक्यात उवा झाल्या. कानामागची जखम खाजायची. पोर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. रुक्मिणबाई संध्याकाळी तिला पुढ्यात घेऊन फणी फिरवायची आणि पुटपुटायची, "लेकराच्या डोस्क्याला वास मारलालाय. गाईला बी धुतेत मानसं."

"आत्या, पानी न्हाई लावायचं," गीतांजली आतून म्हणायची.

"कुठं लावलालेय मी? बोललालेय नुसतं."

नवरात्र बसलं आणि घरच्या रानातलं सोयाबीन कापून पडलं. आभाळ भरून यायचं, निवळायचं, पुन्हा भरायचं. कापलेलं भिजलं तर शेंगा काळ्या पडून जागेवर फुटणार. गीतांजलीला आता घरात बसून चालणार नव्हतं. सासू-सुना दोघी पहाटेच निघायच्या, दिवसभर पेंढ्या ओढून त्यांचा ढीग, बनीम, रचायच्या. हाताला शेंगांची कुसं टोचून बोटं सुजली. पोर घरी एकटी. दाराला कडी लावून बस, असं सांगून यायच्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दवाखान्याची तारीख होती. त्या सकाळी पश्चिमेकडून असं काळंभोर उठलं की गीतांजली बनिमीवर ताडपत्री ओढत होती, वारा ती हातातून हिसकत होता. तिनं बजरंगला विचारलं, "आज खाडा करताव का? मी गेले तर हे समदं भिजतंय."

"मीच नेतो तिला," तो लगेच म्हणाला.

तिला बरं वाटलं. ऑपरेशनच्या वेळी जिन्यावर जाऊन बसलेला माणूस आज होऊन नेतो म्हणाला, हे तिला मनात दोनदा आठवलं.

दिवेलागणीला बापलेक परत आले. पोरीच्या हातात नवी केसांची पिन होती आणि कागदात जिलेबी. ती आली तशी भिंतीला टेकून बसली.

"काय म्हनले डॉक्टर?"

"बरं हाय म्हनले." बजरंग चप्पल काढता काढता म्हणाला. "जरा सर्दी हाय म्हनून गोळ्या दिल्यात. थेंब दिल्यात. दिवाळी झाल्यावर बोलावलंय."

"पडदा धरला का?"

"आं? धरतोय म्हनले. टाइम लागतंय." त्यानं औषधाची पिशवी आणि कागदांची पिशवी खुंटीला अडकवली आणि पाणी प्यायला गेला.

गीतांजलीनं जिलेबीचा तुकडा मोडून पोरीच्या तोंडात घातला. पोरीनं चावला नाही, गालात धरून ठेवला.

दिवाळीपर्यंत रास झाली. पाऊस दोनदा येऊन गेला तरी माल बऱ्यापैकी कोरडा निघाला. घर सारवलं, दाराला पट्टा ओढला. नरकचतुर्दशीच्या पहाटे गीतांजली गोठ्यात म्हशीखाली बसली होती. न्हाणीतून धूर येत होता, पाणी तापत होतं. ऋतुजा उठून बाहेर आली आणि डोकं खाजवत उंबऱ्यात उभी राहिली. कपाळावर खाजवून खाजवून फोड आले होते.

रुक्मिणबाईला ते बघवलं नाही. आज सहा आठवडे पुरे झाले, हे तिनं बोटांवर मोजून ठेवलं होतं. वर्षाचा सण, आणि लेकराचं डोकं असं. तिनं कापसाचा बोळा तेलात बुडवून, पिळून पोरीच्या डाव्या कानात बसवला. वरून प्लॅस्टिकची पिशवी फाडून कान झाकला, फडक्यानं बांधला. पोरीला उजवीकडं वाकवलं आणि तांब्यानं थोडं थोडं पाणी सोडत केस धुतले. शिकेकाईचा फेस पोरीच्या मानेवरून गळत होता. पोर किती दिवसांनी हसली.

गीतांजली चरवी घेऊन आली ती तिथंच थांबली.

"आत्या!"

रुक्मिणबाईनं दचकून तांब्या खाली ठेवला. "एक थेंब जाऊ दिला न्हाई गं. हे बघ बांधलंय. सहा हप्ते झाले, मोजलेत मी."

गीतांजलीनं फडकं सोडलं, पिशवी काढली. बोळ्याची एक बाजू ओली होती. पाण्यानं ओली का तेलानं, हे तिनं बघितलं नाही. तिनं बोळा सासूच्या पुढ्यात धरला आणि पोरीला घेऊन आत गेली. त्या दिवशी घरात करंज्या झाल्या, उटणं झालं, पण दोघी बायका एकमेकींशी बोलल्या नाहीत.

भाऊबीजेला बजरंगची बहीण नागुबाई भोकरकडून आली. तिचं गाव भोकरच्या पुढं सहा-सात किलोमीटर. ओवाळणी झाली आणि दुपारी पोर निजून उठली, तेव्हा उशीवर पिवळा डाग होता. पुन्हा तोच वास. गीतांजलीनं उशी उचलली, नाकाशी धरली आणि ओसरीवर आणून सगळ्यांच्या मधोमध टाकली.

"घ्या," ती म्हणाली. "न्हाऊ घातलंत न्हवं? बघा."

रुक्मिणबाईच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला.

"मी दीड महिना हिला हातावर झेललं. घरात कोंडून बसले. समद्या गावाचं बोलणं खाल्लं. लेकराचा कान हुता तो, तुमच्या सनाचं न्हाण न्हवतं." गीतांजलीचा आवाज चढत गेला. ती कधी सासूपुढं एवढी बोलली नव्हती. आता थांबता येईना. "लहानपनापासून तेल घालघालून तुमीच नासवलाव. आन् आता दुरुस्त झाला तर पानी घातलाव. तिला भैरीच ठिवायची हुती तुमाला."

"वैनी," नागुबाई म्हणाली, "मायला काय बोलून राहिल्या तुम्ही?"

"खोटं बोललालेय का? इचारा त्यांना."

रुक्मिणबाई बजरंगकडं बघत होती. तो ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता, नखानं खांबाचा रंग खरवडत. त्यानं मान वर केली नाही. मग ती नातीकडं बघायला लागली. ऋतुजा दारामागं गेली.

"माज्या हातनं झालं," रुक्मिणबाई म्हणाली. एवढंच. तिनं अडकित्ता पानाच्या डब्यात ठेवला, डबा लावला.

दुसऱ्या सकाळी नागुबाई आईला घेऊन गेली. दोन लुगडी आणि एक पिशवी. ऋतुजाच्या डोक्यावरून हात फिरवायला तिनं हात उचलला, पण डोक्यापर्यंत नेला नाही. चाकूरच्या स्टँडवर बजरंग त्यांना बसवून आला. घरी येऊन म्हणाला, "राहू दे चार दिवस तिकडं. तुजं बी डोस्कं शांत हुईल."

आठ दिवसांनी गीतांजली पोरीला घेऊन लातूरला गेली. बजरंगला त्या दिवशी मशीनवर नड होती. डॉक्टरीणबाईंनी कान साफ केला, पुन्हा तो पडदा दाखवला. लालसर भिंत होती आणि मधे काळं भोक, जरा लहान, पण होतं.

"पाणी गेलं बाई कानात," गीतांजली घाईघाईनं म्हणाली. "मी रानात... मी गोठ्यात होते. सासूनं दिवाळीला न्हाऊ घातलं. मी सांगितलं होतं त्यांना."

डॉक्टरीणबाई कागद चाळत होत्या. "दिवाळीला? नाही हो. पडदा त्याच्या आधीच गेला होता." त्यांनी एका पानावर बोट ठेवलं. "तीन आठवड्यांच्या तपासणीला बघा, एक तारीख. ठिगळ सरकलेलं, कानात थोडं रक्त सुकलेलं, पू. मी वडिलांना सांगितलं की हे धरलेलं नाही. कानाला काही लागलं का, असंही विचारलं. नाही म्हणाले. तुम्हाला बोलले नाहीत ते?"

गीतांजलीनं कागद जवळ ओढला. इंग्रजी अक्षरं तिला लागली नाहीत. तारीख लागली. दसऱ्याचा आदला दिवस.

"मग हे न्हाणं..."

"त्यानं झालेलं नाही. पाणी नको होतं, खरंय. पण तोवर धरलेलंच काही नव्हतं." डॉक्टरीणबाईंचा आवाज मऊ झाला. "आणि कशानं झालं हे मीही छातीठोक सांगू शकत नाही. सर्दीही होती तिला. लहान मुलांत काही न होताही सुटतो. कान कोरडा ठेवा. वर्षभरानं बघू."

बाहेर बाकडं होतं. गीतांजली पोरीच्या उजव्या बाजूला बसली.

"कानाला काय लागलं हुतं?"

पोर पायातली चप्पल काढून बोटानं उचलायला लागली.

"ऋतू. मी काय मारनार न्हाई तुला."

"पप्पानं सांगू नको म्हनलंय."

मग हळूहळू निघालं. नवरात्रात, दोघी रानात असताना ती घरी एकटी कंटाळली. बाप शेजारच्याच शिवारात भागवतच्या मशीनवर होता. डबा विसरून गेला होता, तो घेऊन ती गेली. मशीन चालू होतं, धुरळा एवढा की माणसं दिसत नव्हती. ती डबा घेऊन मशीनच्या बाजूला जाऊन उभी राहिली. पप्पा ओरडत होते म्हणं, तिला ऐकू आलं नाही. मग पप्पा उडी टाकून आले आणि त्यांनी इथं मारलं. तिनं डाव्या कानावर हात ठेवला. कानातला औषधाचा बोळा बाहेर पडला. रक्त आलं थोडं. पप्पानं पाण्यानं तोंड धुतलं, बोळा परत बसवला, झाडाखाली बसवलं. लई येळ पाठीवरून हात फिरवत बसले.

"दुखलं का?"

"तवा न्हाई. रात्री दुखलं."

"मला कामून सांगितली न्हाईस?"

पोर म्हणाली, "तू रडली असतीस."

गीतांजलीनं तिचा हात धरला आणि दोघी बसस्टँडकडं चालायला लागल्या. रस्ता ओलांडताना ती मधेच थांबली. ओसरीवर ती जे बोलली होती ते सगळं तिला शब्दाला शब्द आठवत होतं. एका रिक्षावाल्यानं शिवी देऊन रिक्षा वळवली.

बजरंग घरामागं मशीनच्या पट्ट्याला ठोकायची पिन सरळ करत बसला होता. हातोडीचा आवाज लांबून येत होता. गीतांजली त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि कागद त्याच्या मांडीवर टाकला.

त्यानं कागद उचलला नाही. हातोडी बाजूला ठेवली.

"मी काय मुद्दाम मारलं का?" तो म्हणाला. "ती पट्ट्याच्या जवळ उभी हुती. डोस्क्याचा रुमाल सुटून लोंबत हुता. एक वीत. एक वीत राहिला हुता गीता. मी आवाज देऊ देऊ मेलो. बघंना, हलंना. कसं सांगू तुला, जाऊन धरलं आन् हातच उठला. भेवानं उठला."

"आन् मला सांगितलं न्हाई."

"काय सांगू? इतके दिस तू तिला जपलीस आन् मी..." तो थांबला. "वाटलं, गोळ्यांनी बरं हुईल."

"आत्यांना बोलले मी. भरल्या घरात. तुमी खांबाला उभं हुताव."

बजरंगनं तिच्याकडं बघितलं. डोळे लाल झाले होते, भुशानं का कशानं. "तू बोललीस," तो म्हणाला. "मी बोललो का काही?"

तो पुढं म्हणाला, "माय हाय ती. ती घेती अंगावर. तिनं कुनाकुनाचं घेतलंय." आणि त्यानं पुन्हा हातोडी उचलली.

दुसऱ्या दिवशी ती त्याला न सांगता पोरीला घेऊन निघाली. नांदेडला गाडी बदलली, भोकरला उतरली, तिथून जीपमध्ये कोंबून नागुबाईच्या गावाला. दुपार टळली होती. नागुबाईच्या घरात ओसरीभर कापूस पडला होता, माणसाच्या छातीएवढा ढीग, आणि त्याच्या कडेला रुक्मिणबाई बसून कापसातला पालापाचोळा निवडत होती. बोंडाच्या टोकांनी तिची बोटं चिरली होती. केस विस्कटलेले, कोरडे. नागुबाई दारातूनच म्हणाली, "दिवाळीपासून डोस्क्याला तेल लावून नाही घेऊन राहिली. चहा सोडला. किती सांगावं हिला? लेकराचा कान बरा हुईस्तोवर न्हाई म्हनते."

गीतांजली वाकली आणि सासूच्या पायावर डोकं ठेवलं. रुक्मिणबाईनं पाय मागं घेतले.

"आत्या, तुमच्या हातनं न्हाई झालं. डॉक्टरीणबाईनं सांगितलं. पडदा दिवाळीच्या आधीच गेला हुता." तिनं पिशवीतून कागद काढला. "ही बघा तारीख. दसऱ्याच्या आधीची. मी उगं बोलले तुमाला. माजी जीभ झडावी."

रुक्मिणबाईच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तिनं कापसाचे हात लुगड्याला पुसले. "आधीच?"

"आधीच."

"मग कशानं?"

गीतांजलीनं सांगितलं. मशीन, धुरळा, रुमाल, हात. तो भिऊन मारला म्हणतो, हेही सांगितलं. तिनं काही वाढवलं नाही, काही लपवलं नाही. नागुबाई दारात तोंडाला पदर लावून उभी राहिली.

रुक्मिणबाई ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा हळूहळू मिटत गेला.

"कागदावर लिवलंय का, बापानं मारलं म्हनून?"

"न्हाई. कागदावर कसं..."

"मग?" तिनं कापसाचा एक पुंजका उचलला आणि त्यातली काडी ओढली. "पानी म्या घातलं. ह्या हातानं. बोळा वला हुता, तूच दावलीस."

"आत्या, पान्यानं न्हाई झालं."

"माजा बजरंग लेकरावर हात उचलत न्हाई." रुक्मिणबाई शांतपणे म्हणाली. "ह्याचा बाप उचलायचा. शेषेराव. दारू नसली तरी उचलायचा. ही नागू सा वर्षांची हुती, हिला खुट्याला बांधून मारलेलं हाय. इचार तिला. बजरंगचं लगीन ठरलं तवा म्या त्याला महादेवाच्या पिंडीवर हात ठिवायला लावला. बाईवर न्हाई, लेकरावर न्हाई. त्यानं ठिवला. तुला दहा-बारा वर्षांत मारलं का त्यानं कदी?"

"न्हाई."

"मग? आता मला घरी न्यायचं म्हनून लेकाला कशाला बोल लावलालीस माज्या?"

"मी बोल लावत न्हाई. खरं ते सांगलालेय. तिलाच इचारा."

रुक्मिणबाईनं नातीला जवळ बोलावलं. ऋतुजा येऊन तिच्या पुढ्यात बसली. म्हातारीनं तिला उजव्या कुशीत ओढलं, तोंड तिच्या उजव्या कानापाशी नेलं आणि नीट, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "बाळा. तुज्या बापानं मारलं का तुला?"

लांब रानात कुणाचातरी ट्रॅक्टर चालला होता. ऋतुजानं आजीच्या हाताकडं बघितलं. चिरलेल्या बोटांकडं. मग आईकडं बघितलं. मग पुन्हा आजीच्या तोंडाकडं.

"काय म्हनलीस, आजी?" ती म्हणाली. "मला ऐकू न्हाई आलं."

रुक्मिणबाईनं तिला पोटाशी धरलं. दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिच्या कोरड्या केसांची एक बट पोरीच्या गालावर पडली होती.

"बघ," ती सुनेला म्हणाली. "लेकराला आता चांगल्या कानानं बी ऐकू यीना. माज्यामुळं."

गीतांजलीनं कागद घडी करून पिशवीत ठेवला. नागुबाईनं चहा केला. रुक्मिणबाईनं घेतला नाही. निघताना गीतांजली एकदा म्हणाली, "चला आत्या," आणि म्हातारी कापसात हात घालून म्हणाली, "इथं बरी हाय मी. नागूला बी मानूस लागतंय येचनीला." उंबऱ्यापर्यंत आली नाही.

नांदेडहून पुढची बस मिळाली तेव्हा ऊन उतरलं होतं. दोघींना दोनाचं बाकडं मिळालं. ऋतुजा खिडकीकडं सरकून बसली, उजवा कान काचेला टेकवून. डावा आईकडं होता, त्यात कापसाचा बोळा. गीतांजलीनं तिला काही विचारलं नाही. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. एकदा तिच्या तोंडातून पोरीचं नाव निघालं, हळूच. पोर बाहेर बघत होती. तिला ऐकू आलं का नाही, हे गीतांजलीला कळलं नाही.